नुसता रंग मारून नाही का चालणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुळशीकडच्या एका निवासी शाळेच्या अंगणात आम्ही सावलीचा मांडव केलाय, दिवसा मुलं त्याखाली बसतात आणि अंधार पडला की तो हिरवट उजळतो, वीज नाही, एलईडी नाही. फोटो बघून जवळजवळ प्रत्येक जण विचारतो की अहो रेडियमचा रंग मिळतो की बाजारात, तो मारला की झालं, त्याला पॅरामेट्रिक मॉडेलिंग, म्हणजे मापं बदलली की आपोआप बदलणारा कॉम्प्युटरवरचा आराखडा, कशाला हवा?

पहिल्या सॅम्पलला आम्ही तेच केलं होतं. सपाट पत्रा, आणि लोक खालून बघणार म्हणून खालच्या बाजूला रंग. संध्याकाळी जाऊन उभे राहिलो तर पाचेक मिनिटं काहीतरी धुरकट दिसलं आणि गेलं. कारण साधं आहे पण मला ते तिथे उभं राहिल्यावर कळलं, की ऊन खातो पत्र्याचा वरचा भाग आणि माणूस बघतो खालचा. सावली जितकी चांगली तितका रंग उपाशी.

आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात हल्ली रेडियम नसतं, स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट असतं, त्यात थोडं युरोपियम आणि डिस्प्रोशियम. ते उजेड पिऊन ठेवतं आणि अंधारात सोडतं, पण सोडायला लगेच सुरुवात करतं, पहिल्या काही मिनिटांतच बराचसा जोर ओसरतो आणि मग मंद उजेड तासन्‌तास राहतो. म्हणजे भर दुपारच्या उन्हाचा रात्री फारसा फायदा नाही, सूर्य मावळायच्या आधीचा तास-दोन तास सगळ्यात मोलाचा.

आर्किटेक्ट जेनी सेबिन यांच्या स्टुडिओने २०१७ मध्ये न्यूयॉर्कला मोमा पीएस१ या कलासंग्रहालयाच्या अंगणात 'लूमेन' नावाचं विणलेलं छत केलं होतं, उजेड साठवणारा धागाच विणकामात घातलेला. मला ते फार आवडतं. पण ते एका उन्हाळ्यापुरतं होतं, आणि मुळशीचा पाऊस तुम्हाला माहितीये. म्हणून आम्ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या नळ्या घेतल्या, १५ सेंटीमीटर व्यासाच्या, ३० सेंटीमीटर लांब, आणि त्या छतात वरचं तोंड पश्चिमेकडे करून तिरप्या बसवल्या, आडव्यापासून साधारण ३५ अंश.

आता गंमत बघा. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर. ते सरळ उतरणारं ऊन नळीच्या खालच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच थांबतं. लांबी व्यासाच्या दुप्पट असल्यामुळे दुपारी अडीचपर्यंत थेट ऊन आत येत नाही. साडेचारच्या सुमारास सूर्य नळीच्या रेषेत येतो आणि जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात, ते मी मुद्दाम राहू दिले. आणि त्यानंतर सूर्य आणखी उतरला की ऊन नळीच्या वरच्या भिंतीला आतून लागतं, म्हणजे जी बाजू खाली बघते, जी आपल्याला खालून दिसते, नेमकी तीच. रंग फक्त तिथे.

हे एका नळीचं झालं, ते कागदावरही जमतं. पण सूर्य जूनमध्ये मावळतो पश्चिमेच्या २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये २५ अंश दक्षिणेला, मग काही नळ्या उन्हाळ्यासाठी वळवायच्या, काही थंडीसाठी, त्यात छताला बाक, म्हणजे प्रत्येक नळीचा कट वेगळा, आणि अशा २४० नळ्या. इथे ग्रासहॉपर लागतं, म्हणजे पॅरामेट्रिक मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर. टेलर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ब्लाऊज नव्याने शोधून काढत नाही ना, बेत तोच असतो, मापं बदलली की कापड वेगळं कापलं जातं. तसंच मी नळीचा बेत एकदा मांडते, तिरपेपणा, लांबी, दिशा ही मापं, एक स्लायडर हलवला की २४० च्या २४० बदलतात आणि प्रत्येकीचा उलगडलेला सपाट आकार लेझर कटिंगसाठी तयार. लांबी वाढवली की सावली वाढते पण वजन आणि खर्चही वाढतो, ते किती सोसायचं हे कॉम्प्युटर सांगत नाही, ते आम्ही शाळेत बसून ठरवलं.

बाकी, रंगाखाली आधी पांढरा कोट द्या, नाहीतर बराच उजेड पत्राच खातो. आणि वरून क्लिअर कोट हवाच, या पावडरला पाणी चालत नाही. आमचं एक सॅम्पल पहिल्या पावसात पांढरटलं, तेव्हापासून प्रत्येक नळीची कडसुद्धा मी स्वतः तपासली.

जवळ साधा बल्ब असला तरी हा उजेड मरतो. त्यामुळे तिन्हीसांजेला व्हरांड्यातला दिवा आता मुलंच बंद करतात आणि खाली आडवी पडून, वर बघत, डोळे अंधाराला सरावायची वाट बघतात.