बडोद्याच्या उन्हात कुठला स्वस्त कलर रोल?

फिल्म कॅमेऱ्यात रोजच्या वापरासाठी कलर रोल कुठला घ्यावा, याचं माझं उत्तर सरळ आहे. कोडॅक कलरप्लस २०० किंवा गोल्ड २००, दोन्हींपैकी जो ताजा आणि स्वस्त मिळेल तो, ३६ फोटोंचाच, आणि कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १०० लावून. बडोद्यात दिवसाउजेडी फोटो काढणाऱ्याला याहून महाग रोल क्वचितच लागतो. मात्र १०० का लावायचं आणि हा रोल कमी कुठे पडतो, हे माहीत नसेल तर स्वस्त रोलही महागात जातो.

आधी पैशांचं बघू. रोल धुणं, स्कॅन करणं आणि बाहेरगावी पाठवायचा असेल तर कुरियर, हा खर्च रोल कुठलाही असला तरी तेवढाच येतो. दोन रोलच्या किमतीत शंभर रुपयांचा फरक असेल तर ३६ फोटोंत वाटल्यावर तो फोटोमागे तीन रुपयेही होत नाही. उलट २४ फोटोंचा रोल डब्यावर स्वस्त दिसतो, पण धुण्या-स्कॅनचे पैसे २४ फोटोंवरच बसतात, म्हणून फोटोमागे तोच महाग पडतो. मुदत संपलेल्या रोलचंही तसंच. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा, असा ठोकताळा आहे. तो थंड जागी ठेवलेल्या रोलपुरता ठीक. दुकानाच्या काचेच्या कपाटात उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेल्या रोलचं काय झालंय ते धुतल्यावरच कळतं, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

आता ऊन. निरभ्र दुपारी, सूर्य पाठीमागे असताना, आयएसओ १०० ला एफ/१६ (अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि १/१२५ सेकंद (शटरचा वेग) हे एक्स्पोजर बसतं. ४०० च्या रोलला त्याच उन्हात एफ/१६ वर १/५०० लागतं. यशिका इलेक्ट्रो ३५ चं शटर १/५०० च्या पुढे जातच नाही, म्हणजे भर दुपारी तो कॅमेरा अगदी टोकाला पोचलेला असतो आणि अपर्चर उघडायला जागा उरत नाही. १०० वर तेच ऊन एफ/११ आणि १/२५० किंवा एफ/८ आणि १/५०० मध्ये मावतं. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवणाऱ्यांचे हात स्थिर पकडायला १/५०० हवाच असतो, आणि तो इथे सहज मिळतो. फक्त प्रकाश मोजणारं मीटर आकाशाकडे रोखू नका, नाहीतर माणसं काळी येतील. समोरच्याच्या चेहऱ्याजवळ जाऊन मोजा, मग मागे या.

२०० च्या रोलला १०० लावायचं, कारण निगेटिव्हला जास्त प्रकाश सोसतो, कमी सोसत नाही. गोल्ड २०० साठी खुद्द कोडॅकने दोन स्टॉप कमी ते तीन स्टॉप जास्त अशी मर्यादा दिली आहे. दोन स्टॉप कमी प्रकाशातला फोटो उमटतो खरा, पण सावल्या मातकट आणि दाणेदार येतात, त्यात हिरवट झाक दिसते. एक स्टॉप जास्त मिळाला की सावलीतला तपशील येतो, ग्रेन (फिल्मचे दाणे) बारीक वाटतो आणि त्वचेचा रंग स्वच्छ राहतो. आपल्याकडे दुपारी डोळ्यांखाली आणि ओसरीत सावली फार गडद पडते, शिवाय पांढरी भिंत किंवा पांढरा सदरा चौकटीत आला की मीटर फसून प्रकाश कमी देतं. ही सगळी तूट त्या एका स्टॉपमध्ये भरून निघते. रोल धुवायला देताना मात्र १०० चा उल्लेख करू नका. तो नेहमीसारखाच धुवायचा असतो. तिथे कुणी धुण्याची वेळ कमी केली तर कमावलेलं सगळं जातं.

ज्या कॅमेऱ्यावर आयएसओची चकती आहे त्याचा प्रश्न नाही. ऑटोमॅटिक कॅमेरे मात्र रोलच्या डबीवरचा डीएक्स कोड वाचतात. हा कोड म्हणजे सहा-सहा चौकोनांच्या दोन ओळी, काही चौकोन चंदेरी, काही काळे. चंदेरीतून वीज वाहते, काळ्यातून नाही. प्रत्येक ओळीतला पहिला चौकोन नेहमी चंदेरी असतो आणि एका ओळीतले पुढचे पाच स्पीड, म्हणजे आयएसओ, सांगतात. १०० ची एक रिकामी डबी आणि २०० ची डबी शेजारी धरून स्पीडची ओळ बघा: फरक फक्त पहिल्याच्या लगतच्या चौकोनात दिसेल. २०० वर तो चंदेरी असतो, १०० वर काळा. त्या एकाच चौकोनावर इलेक्ट्रिकलची टेप नेमकी कापून चिकटवली की कॅमेरा रोलला १०० समजतो. टेपची कड वर उचललेली राहिली तर रोल कॅमेऱ्यात नीट बसत नाही, म्हणून नखाने घासून सपाट करा. जे साधे कॉम्पॅक्ट फक्त १०० आणि ४०० एवढाच भेद ओळखतात, ते २०० ला आपोआप १०० धरतात. तिथे टेपही नको.

रोलांमधला फरक थोडक्यात असा. कलरप्लसचे रंग जरा मवाळ, ग्रेन थोडा ठळक. गोल्डमध्ये पिवळा आणि तांबडा उठून येतो, संध्याकाळच्या उन्हात राजवाड्याचा दगड त्यात फार सुंदर दिसतो. सध्याच्या फुजीफिल्म २०० च्या डब्यावर मेड इन यूएसए छापलेलं असतं आणि त्याचा डेटाशीट गोल्डच्या फार जवळ जातो, तेव्हा स्वस्त मिळाला तर बिनधास्त घ्या. कोडॅक एक्टार १०० चा ग्रेन अतिशय बारीक, पण गोरी त्वचा लालसर येते, प्रकाश कमी पडला की सावल्या निळ्या होतात आणि किंमतही जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये आलेला हार्मन फिनिक्स २०० वेगळा रंग आणि तीव्र कॉन्ट्रास्ट हवा असणाऱ्यांसाठी आहे. त्याला नेहमीचा नारिंगी बेस नाही, त्यामुळे लॅबच्या ऑटो स्कॅनमध्ये रंग बिघडू शकतात. घरच्या माणसांच्या फोटोंसाठी मी तो सुचवणार नाही.

कोडॅक प्रोइमेज १०० चा विचार मात्र जरूर करा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. हा रोल उष्ण आणि दमट हवेत खोलीच्या तापमानाला ठेवता यावा म्हणूनच बनवलेला आहे. पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा बाकीचे रोल फ्रिजमध्येच बरे. प्लॅस्टिकची डबी न उघडता झिपच्या पिशवीत घालून ठेवा, आणि वापरायच्या आधी एक-दोन तास बाहेर काढून पिशवी बंदच राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत कॅमेरा ठेवू नका, मग रोल कुठलाही असो. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि भरलेला रोल महिनोन्महिने न ठेवता लवकर धुवून घ्या.

हा रोल कमी पडतो तो घरात आणि रात्री. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या खोलीत २०० ला एफ/२ वर १/३० च्या आसपास लागतो. बसलेल्या माणसाचा फोटो येईल, पळणाऱ्या पोराचा नाही. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघायला आत गेलात तर उजेड त्याहूनही कमी असतो. गरब्याच्या मैदानावर दिवे झगझगीत वाटतात, पण फिरणाऱ्या घागऱ्यांना ते पुरत नाहीत. त्या नऊ रात्रींसाठी ८०० चा रोल घ्या किंवा फ्लॅश लावा. २०० ताणत बसू नका.

रोल घेणाऱ्या स्टुडिओला आधी दोन गोष्टी विचारा: रोल इथेच धुता की मुंबईला पाठवता, आणि निगेटिव्ह परत देता का. सी-४१ मध्ये, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, डेव्हलपर ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं लागतो आणि तापमान पाव अंशही हललेलं चालत नाही. जिथे आठवड्याला दोन-चारच रोल येतात तिथे रसायन शिळं होण्याचा धोका मोठा. फोटो खराब आले तर दोष कुणाचा, ते निगेटिव्हच्या कडेवर वाचता येतं. तिथले फ्रेमचे आकडे आणि रोलचं नाव कारखान्यातच उमटवलेलं असतं. निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. कडेची अक्षरं गडद आणि फोटो फिका असेल तर प्रकाश तुम्ही कमी दिलात. अक्षरंही फिकी असतील तर धुण्यात खोट आहे. दोन्ही ठीक असूनही स्कॅन विचित्र दिसत असेल तर पुन्हा स्कॅन मागा, रोल बदलू नका.

फार स्वस्तात मिळणाऱ्या, हाताने भरलेल्या रोलांबाबत सावध राहा. त्यांत बरेचदा सिनेमाची फिल्म असते. तिच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असेल तर तो सी-४१ च्या मशीनमध्ये सुटून रसायन नासवतो आणि दुसऱ्यांचे रोलही खराब करतो. ईसीएन-२ मध्ये, म्हणजे सिनेमाची फिल्म धुण्याच्या पद्धतीत, धुणारी लॅब आधी ठरलेली असेल तरच असा रोल घ्या.

घरात आगफा क्लिक थ्री पडलेला असेल, तर न्यू इंडिया इंडस्ट्रीजने इथे बडोद्यातच बनवलेल्या त्या कॅमेऱ्याला गोल्ड २०० चा १२० (नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद) रोल चालतो, आणि त्यात १२ चौकोनी फोटो येतात. शटरचा वेग बदलता येत नसल्याने भर दुपार टाळा. सकाळ, उतरतं ऊन किंवा ढगाळ दिवस धरा. पाठीमागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावून ठेवा आणि रोल सरकवताना तेवढी सावलीत उचला. आजच्या कलर फिल्मला लाल उजेडही बाधतो.