सव्वा इंची तलवार

अमळनेरच्या बाजारात पीव्हीसी नळीचा फूटभर तुकडा मागून बघा. शेठनं आधी विचारलं, "बोअर का विहीर?" म्हटलं, दोन्ही नाही. "मंग मोटर किती एचपीनी?" मोटरही नाही. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "भाऊ, नळी वीस फुटी येस. एक फूट कसाले जोयजे?"

"तलवार करायचीय" हे ४२ व्या वर्षी, काउंटरवर तीन शेतकरी उभे असताना, तोंडातून निघत नाही. "पुतण्याच्या गॅदरिंगसाठी," मी म्हणालो. पुतण्या पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण ते शेठला कशाला सांगायचं? त्यानं कोपऱ्यातल्या भंगारातून एक तुकडा ओढला. पैसे घेतले नाहीत. गॅदरिंगला कोण पैसे घेणार?

तलवार म्हणजे 'स्टार वॉर्स'मधली, उजेडाच्या पात्याची, लाइटसेबर. पातं ही पडद्यावरची करामत. हातात असते ती फक्त मूठ, फुटाला जराशी कमी. शाळेत असताना व्हिडिओवर ती पाहिली तेव्हापासून मला ती हवी होती. विकत मिळते, पण तिच्या किमतीत आमच्याकडे कूलर येतो, आणि मे महिन्यात कूलर आणि तलवार असा प्रश्न घरात निघाला तर निकाल काय लागेल हे सांगायला नको. म्हणून हार्डवेअर.

ही मूठ पहिल्यांदा बनली तीही अशीच, उचलाउचलीतून. १९७७ चा तो सिनेमा इंग्लंडमध्ये तयार होत होता, पैसे बेताचे. रॉजर ख्रिश्चन नावाचा सेट सजवणारा माणूस लंडनमधल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेला. तिथं त्याला ग्राफ्लेक्स या कॅमेरा कंपनीच्या फ्लॅशच्या दांड्या मिळाल्या. पूर्वी वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर मोठ्या कॅमेऱ्याला लावायचे, त्या. त्यानं खालच्या अंगाला रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, दांडीच्या क्लॅम्पमध्ये जुन्या कॅल्क्युलेटरवर आकडे मोठे दिसावेत म्हणून असायची ती बुडबुड्यांची पट्टी बसवली, टोकाला एक कडी लावली. झाली तलवार. पुढं त्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं, त्यात त्याचाही वाटा होता. आणि आज जगभर माझ्यासारखे लोक व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसतात, पट्टी दोन मिलिमीटर वर हवी का खाली. त्यानं काय मोजलं असेल! हाताला लागलं ते चिकटवलं असेल. त्या जुन्या दांड्यांच्या किमती मात्र आमच्या जमातीनं अशा चढवल्या की जुने कॅमेरे जमवणारे आमच्या नावानं खडे फोडतात.

मला यातली एकच गोष्ट फार लागली. त्या फ्लॅशच्या दांडीत तीन मोठे सेल बसायचे. तीन सेल! म्हणजे ती आमच्या आजोबांची बॅटरीच की. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जाताना खांद्यावर फावडं आणि हातात ती: निकेलची, अंगावर रेघा, मागचं झाकण फिरवून उघडायचं. ती अजून आमच्या माळ्यावर आहे. काढली, पुसली. काचेकडचं डोकं फिरवून बाजूला केलं की उरते ती थेट तलवारीची मूठ. भोक पाडायला ड्रिल मशीनही लावलं. मग आईनं खालून विचारलं, "माळ्यावर काय करतोस?" आणि मी ड्रिल बंद केलं. बॅटरी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली आणि नळीकडे वळलो.

आता नळीची गंमत. शेठनं दिली ती 'सव्वा इंची'. घरी कॅलिपर लावलं तर बाहेरून चाळीस मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाच्याही वर. हे सव्वा इंच बाहेरचं नाहीच. ते लोखंडी पाइपांच्या आतल्या पोकळीवरून चालत आलेलं जुनं नाव. आजवर कुणाचं त्यावाचून अडलं नाही, माझंही नाही, कारण दांडीचीही जाडी साधारण तेवढीच. नळीवर निळ्या शाईत आयएस ४९८५ हा अशा नळ्यांचा मानक क्रमांक छापलेला होता. तो पॉलिश पेपरनं घासून काढायला अर्धा तास गेला.

बाकी सामान आपोआप जमलं. मधल्या क्लॅम्पला सक्शन पाइपची होज क्लिप. बुडबुड्यांच्या पट्टीला आईच्या बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, त्यातले सलग पाच फुगे कापून. रबराला सायकलची ट्यूब. दांडीवर लाल बटण असतं, तिथं मी मोटरच्या स्टार्टरचं लाल बटण बसवलं. म्हणजे माझी तलवार 'बंद'चं बटण दाबून चालू होते. हे कुणी विचारेपर्यंत मी सांगत नाही. मोरी तुंबल्यावरचा रबरी पंपही घ्यायचा मोह झाला होता. ब्रिटिश टीव्हीवर १९६३ साली आलेल्या डॅलेक नावाच्या यंत्रराक्षसाचा हात म्हणून तोच लावला होता. पण घरात एक मोरीचा पंप आहे आणि तो आहे तिथंच बरा.

रंगानं मात्र रडवलं. चंदेरी स्प्रे घेऊन भर दुपारी गच्चीवर गेलो. पारा ४४ च्या पुढं. रंग डब्यातून निघून नळीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळत होता. हात फिरवला तर ज्वारीचं पीठ सांडल्यासारखं खरखरीत. सगळं घासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा मारला, या वेळी आधी काळा. त्यावर सहा बीच्या पेन्सिलीचं शिसं कुटून बोटानं चोळलं. पाच मिनिटांत प्लॅस्टिकचं लोखंड झालं. बोटं मात्र दोन दिवस काळी. कडांवर थोडी चांदी पुसट ओढायची, वापरून झिजल्यासारखी. झीज कुठं दाखवायची हे मी आजोबांच्या बॅटरीवरूनच बघितलं: अंगठा टेकतो तिथं, आणि झाकणाच्या काठाला.

रविवारी चोपड्याकडे मामाच्या केळीत गेलो तेव्हा तलवार पिशवीत होती. मामा ठिबकचा फिल्टर धूत बसला होता. हात धोतराला पुसून त्यानं ती घेतली, तोलली, लाल बटण दाबलं.

"हाई काय शे रे?"

"तलवार."

"लाइट लागस का?"

"नाही."

"मंग काय कामनं?" त्यानं ती उलटी केली, टोकाची कडी दोन बोटांनी ओढून पाहिली. "कडी मात्र बेस शे." मोटरच्या खोलीत स्टार्टरशेजारी त्याची बॅटरी टांगायचा खिळा होता. त्यानं बॅटरी काढली आणि माझी तलवार लटकवून पाहिली, मग जरा मागं सरून तिच्याकडे बघत राहिला.