मात्रा जुळल्या, तरी गाणे अडत होते

काही वर्षे मी कविता लिहीत होतो आणि गाणे म्हणजे चाल लावलेली कविता, एवढीच माझी समजूत होती. ती एका तालमीत मोडली. मित्राने माझ्या गाण्याला दादरा तालात चाल लावली होती, गायिकाही चांगली तयारीची होती, तरी मुखड्यातल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदातल्या, एका ओळीवर ती तीनदा अडली. ओळ होती, ‘रात्रीच्या काळोखात विरघळते स्तब्धता’. लघु अक्षराची एक आणि गुरू अक्षराच्या दोन, या हिशेबाने तिच्या 24 मात्रा मी आधीच मोजून ठेवल्या होत्या. 6 मात्रांच्या दादऱ्याची 4 आवर्तने, म्हणजे तालाच्या 4 फेऱ्या, यांच्याही 24 मात्राच. त्यामुळे दोष गाणाऱ्याचा, असे मनातल्या मनात ठरवून मी मोकळा झालो होतो.

मित्राने वाद घातला नाही. त्याने पेटी बाजूला सारली, मांडीवर ठेका धरला आणि मला ती ओळ ठेक्यावर नुसती म्हणायला लावली. ‘रात्रीच्या’ 6 मात्रांत नेमके बसले. ‘काळोखात’ मात्र 7 मात्रांचे निघाले आणि त्यातला शेवटचा ‘त’ पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे ठळक पहिल्या मात्रेवर, जाऊन आदळला. बोलताना जे अक्षर आपण जेमतेम उच्चारतो, त्याच्यावर तालाचा सगळा भार आला होता. ‘विरघळते’ त्यामुळे एका मात्रेने पुढे ढकलले जात होते, आणि ‘स्तब्धता’ 5 मात्रांचे असल्यामुळे शेवटी बेरीज तेवढी जुळत होती. बेरीज बरोबर, विभागणी चूक!

ती ओळ दुरुस्त करायला मला आठवडा लागला. ‘काळोखी’ केल्यावर दुसरे आवर्तन सुटले, पण शेवटी एक मात्रा कमी पडू लागली, म्हणून मी ‘स्तब्धताच’ लिहून पाहिले. तो ‘च’ उघडउघड भरतीचा होता. तो खोडताना प्रथमच लक्षात आले, की ‘स्तब्धता’ हा शब्दही मी कधी कोणाशी बोलताना वापरलेला नाही. कागदावर भारदस्त दिसतो, म्हणून तो तिथे आला होता. अखेर ओळ झाली, ‘रात्रीच्या काळोखी विरघळते हाक तुझी’. प्रत्येक आवर्तन 6 मात्रांचे झाले, समेवर शब्दाचा आरंभ आला, आणि गाण्यात तोवर नसलेले दुसरे माणूसही आले.

त्यानंतर लिहिलेली प्रत्येक ओळ ठेक्यावर म्हणून फोनवर ध्वनिमुद्रित करायची आणि दुसऱ्या दिवशी कागद न बघता ऐकायची, असा क्रम मी ठेवला. स्वतःचा आवाज ऐकणे फारसे सुखाचे नसते, पण जोडाक्षरांची गर्दी कुठे होते आणि श्वास घ्यायला जागा कुठे उरत नाही, ते त्यात लगेच कळते. तार सप्तकातल्या लांबवलेल्या सुराखाली मी ‘मिटली’ हा शब्द दिला होता. त्या उंचीवर ‘ई’ टिकवताना गायिकेचा आवाज आवळला जाई. तिथे आकारान्त शब्द येताच तोच सूर मोकळा लागला.

अंतऱ्यांचे, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यांचे, काम याहून अवघड ठरले. माझे दोन्ही अंतरे विरहच सांगत होते, तेही जवळपास त्याच शब्दांत, त्यामुळे मुखडा दुसऱ्यांदा येई तेव्हा ऐकणाऱ्याला त्यात नवे काही मिळत नसे. म्हणून पहिल्या अंतऱ्यात हाक मारणारी व्यक्ती दूर गेलेली ठेवली आणि दुसऱ्यात निवेदकाने ती हाक ऐकूनही ओ दिली नव्हती, हे उघड केले. मुखड्याचा एकही शब्द न बदलता ‘विरघळते’ या क्रियापदाला आता अपराधाची छटा आली. त्यासाठी पहिल्या खर्ड्यातल्या मला सर्वांत आवडणाऱ्या दोन ओळी मात्र काढाव्या लागल्या. त्या अजून वहीत आहेत आणि कुठल्याच चालीत बसलेल्या नाहीत.