स्थिती: ठीकठाक

शनिवार, रात्र

गाडी विकायच्या जाहिरातीत 'उत्तम स्थितीत' असं लिहिलं होतं. आज ते खोडून 'ठीकठाक' केलं. हात जड झाला.

चौदा वर्षं गाडी माझ्याकडे आहे. १९७१ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोमच्या बंपरची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, तेव्हा 'दुर्मिळ' हा शब्द वापरायचा प्रश्नच नव्हता. इंजिनाबद्दल मात्र छातीठोकपणे लिहिलं. १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं. चांगलं तापल्यावरही धावताना ऑइल प्रेशरचा काटा ५० च्या खाली येत नाही. दोन्ही कार्ब्युरेटर, एसयू कंपनीचे, मी स्वतः जुळवलेत. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी ऐकू येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं. कितीतरी रविवार या कामात गेले, आणि ते माझे फार आवडते रविवार होते.

अडतं ते सिलपाशी. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यात वर टप नाही. म्हणजे दोन्ही दारांखालच्या पोकळ पेट्यांवर, सिलवर, गाडीचा कणा उभा. बाहेर दिसतो तो फक्त वरचा पत्रा. आत आणखी एक उभा पत्रा असतो, आणि पाणी, चिखल तिथेच साचून राहतो. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपला मी डाव्या बाजूचं काम दिलं. गाडी चकाचक होऊन आली. पुढे एकदा जॅक लावला तर बॉडी वाकली आणि दार उघडेना. कुजलेला पत्रा न कापता त्यावरच नवा पत्रा चढवून, पुट्टी भरून रंग मारला होता. तेव्हा मला फार लागलं होतं. आज तेच लपवून मी गाडी पुढे ढकलली, तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? जाहिरातीत सरळ लिहिलं: डावी सिल आतून गेलेली आहे, कापून नवी बसवावी लागेल.

मला वेल्डिंग येत नाही, आणि आता गुडघे टेकून गाडीखाली शिरणंही होत नाही. विकायचं कारण एवढंच.

रविवार, रात्र

सकाळी एक जण आले. सिलचं ऐकलं, मान हलवली आणि निघाले. त्यात त्यांची काही चूक नाही.

दुपारी एक बाई आल्या. टॉर्च, लोहचुंबक, जुन्या कापडाची घडी, सगळं बरोबर. रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, थेट डाव्या दारापाशी बसल्या. चुंबक पत्र्यावरून सरकवत मागच्या चाकाकडे नेलं. दाराच्या मागच्या कडेखाली तो निसटून खाली पडला. त्यांनी उचलून परत लावला, परत पडला. साधारण तळहाताएवढी जागा, नुसती पुट्टी.

"जॅक लावू?" मीच विचारलं.

"लावा."

गाडी वर उचलत गेली तशी दाराच्या मागची फट वरच्या बाजूला मिटत गेली. दोन बोटं मावतील अशी फट नव्हतीच, पण आता नखसुद्धा शिरेना. चौदा वर्षं ज्या दाराचं हँडल मी पुसत आलो ते अडकलेलं बघणं सोपं नव्हतं. मी काही बोललो नाही.

"दार बसवलेलं ठेवून, गाडीला आधार देऊनच कापायला लागेल," त्या म्हणाल्या. "मी वेल्डिंग करते. असं काम आधी केलंय."

मग सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या पाहिल्या, त्यांचा तळाचा पत्राही तपासला. तो ठीक आहे. शेवटी पायाखालचा गालिचा वर केला आणि थबकल्या. लाल रंगाखालून हिरवा डोकावत होता. मी आतून हेरिटेज सर्टिफिकेट आणलं, गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मागवलेलं. कारखान्याच्या नोंदीत गाडी हिरवीच आहे.

"मी हिरवी करीन," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, "तुमची हरकत नसेल तर."

हरकत कसली! माझ्या मनात कधीपासून होतं ते. जमलं नाही.

मी किल्ली दिली. त्यांनी ती एक घर फिरवली आणि थांबल्या. मागच्या चाकाजवळचा पेट्रोल पंप टकटकायला लागला, आधी भरभर, मग सावकाश, मग एकेक ठोका सुटा सुटा. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल भरून पंप शांत होईपर्यंत त्यांनी स्टार्टरला हात लावला नाही. मी काहीही सांगितलं नव्हतं. पंप थांबल्यावर त्यांनी चोक ओढला.

मी कागदपत्रांची फाईल आणायला आत गेलो.