चौथा दिवा

बावधनच्या एका सोसायटीतून रविवारी सकाळी साडेसहाला फोन आला, तेव्हा पलीकडचे काका एवढेच म्हणाले, "दादा, गाडीत रात्रभर कोणी नव्हते आणि तरी संडास भरून वाहतो आहे." मी अठरा वर्षे नळकाम करतो. त्यातली पहिली दहा इमारतींमध्ये गेली आणि पुढची भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये, जिथे चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅन आणि अलीकडे कॅराव्हॅनही बांधतात. कोणी न वापरलेला संडास वाहतो, ही तक्रार मात्र मी प्रथमच ऐकत होतो.

गाडी म्हणजे जीपमागे ओढायचा, चार माणसे झोपतील एवढा ट्रेलर. काका, काकू आणि दोन नातवंडे त्याच सकाळी गणपतीपुळ्याला निघणार होती. आदल्या संध्याकाळी काकूंनी गाडीतली सगळी भांडी घासून ठेवली, गाद्या घातल्या, आणि काकांनी सोसायटीच्या बागेच्या तोटीपासून नळी आणून ट्रेलरच्या बाहेरच्या जोडाला लावून दिली. नळी लावून ठेवली की सकाळपर्यंत गोड्या पाण्याची टाकी भरेल, अशी त्यांची समजूत होती. तो जोड टाकी भरण्याचा नव्हताच. तिथून आलेले पाणी टाकीला आणि पंपाला वळसा घालून थेट गाडीतल्या नळांच्या पाइपात जाते आणि नळी चालू असेपर्यंत ते पाइप सतत दाबाखाली राहतात.

मी पोहोचलो तेव्हा पाणी संडासाचा उंबरठा ओलांडून खालच्या गादीपर्यंत गेले होते आणि वास दारापर्यंत येत होता. आधी बागेची तोटी बंद केली. मग आत पाहिले, तर टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर मैल्याच्या टाकीचे चारही दिवे लागलेले होते. काका म्हणाले, "त्याच्याकडे लक्ष देऊ नका, ते बिघडलेले आहे. टाकी रिकामी केली तरी तीन दिवे लागलेलेच असतात." टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर स्क्रूएवढ्या पितळी खुंट्या असतात आणि त्यांना पाणी लागले की दिवा लागतो. कागदाचा किंवा मैल्याचा ओला थर खुंटीवर बसला, तर पाणी नसतानाही दिवा लागतो. त्यामुळे तीन दिव्यांच्या बाबतीत काकांचे म्हणणे पटण्यासारखे होते. चौथा दिवा मात्र त्या रात्री खरे सांगत होता आणि वर्षभराच्या सवयीने त्याचे कोणी ऐकले नव्हते.

जीपच्या चालकाने सुचवले की, टाकीच्या निचऱ्याचा व्हॉल्व उघडून सगळे शेजारच्या पावसाळी गटारात सोडून द्यावे, म्हणजे दहा मिनिटांत काम होईल. बावधनमधले पावसाळी पाणी राम नदीला मिळते आणि राम नदी पाषाण-बाणेरवरून मुळेला. मी त्याला तसे करू दिले नाही. सोसायटीच्या अध्यक्षांना उठवून, त्यांच्या परवानगीने, मैलावाहिनीच्या चेंबरचे झाकण उघडले. ट्रेलरपासून चेंबर सुमारे 30 फूट दूर होते. तीन इंची नळीला एकसारखा ढाळ मिळावा म्हणून तिच्याखाली आधी जास्त आणि पुढे कमी कमी विटा लावाव्या लागल्या, कारण नळी मध्ये कुठेही झोळीसारखी लोंबली की तिथे गाळ बसतो. या गाड्यांमध्ये आधी मैल्याची टाकी सोडायची आणि नंतर मोरीच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. मोरीची टाकीही काठोकाठ भरलेली निघाली. ते आदल्या संध्याकाळचे भांड्यांचे पाणी होते. नहाणी ट्रॅपचे पाणी त्याच टाकीत जाते, त्यामुळे फरशीवर आलेले पाणी ट्रॅपमधून का उतरले नाही, याचे उत्तर तिथेच मिळाले.

टाकी सोडल्यावर भांड्यातून बॅटरी मारून पाहिले, तर बरोबर खाली मैल्याचा ढीग वारुळासारखा उभा होता. डिसेंबरमध्ये पवना धरणाजवळ मुक्काम असताना काकांनी निचऱ्याचा व्हॉल्व चार दिवस उघडा ठेवला होता आणि नळी शोषखड्ड्यात सोडली होती. टाकी रिकामी राहिली तर स्वच्छ राहील, असे त्यांना वाटले. इथे व्यवहार उलटा आहे. व्हॉल्व उघडा असला की पातळ भाग लगेच वाहून जातो आणि घट्ट भाग जिथे पडला तिथेच साचत जातो. व्हॉल्व बंद ठेवून टाकी दोन तृतीयांश भरू दिली आणि मग एका झटक्यात सोडली, तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळे निघून जाते. चालकाने आता एखाद्या माणसाला बोलावून हाताने उपसून घेण्याचे सुचवले. हाताने मैला काढायला माणूस लावण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी मी कोणाला त्यात हात घालायला सांगितले नसते.

मग मूळ प्रश्नाकडे वळलो. तोटी पुन्हा चालू करून भांड्याजवळ वाकून पाहिले, तेव्हा कडेखालून पाण्याची सुतासारखी धार उतरताना दिसली. संडासात पाणी सोडायच्या पेडलजवळच्या व्हॉल्वपासून भांड्याकडे जाणारी नळी काढून तिथे अर्ध्या लिटरची बाटली धरली. ती पाच मिनिटांत भरली. मिनिटाला 100 मिलिलिटर म्हणजे तासाला 6 लिटर, आणि रात्री नऊ ते सकाळी सहा या नऊ तासांत 54 लिटर. टाकी 80 लिटरची होती आणि जुना ढीग व पाणी धरून माझ्या अंदाजाने तीत 40 लिटर आधीच होते. उरलेले 14 लिटर गादीच्या दिशेने गेले. काकूंना हा हिशेब सांगितला तेव्हा त्या काकांकडे पाहून फक्त म्हणाल्या, "मी रात्री म्हणत होते, तोटी बंद करा."

व्हॉल्व खोलला तर रबराच्या बैठकीत वाळूचा कण रुतून रबर कापले गेले होते. सोसायटीत टँकरचे पाणी येते. त्यात इमारत चौदा मजल्यांची. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब धरला, तर गच्चीवरच्या टाकीपासून खाली सुमारे 45 मीटरचा, म्हणजे साडेचार बारचा दाब पडतो. खालच्या मजल्यांच्या घरांना दाब कमी करणारा व्हॉल्व बसवलेला होता, पण बागेच्या लाइनला नव्हता. ट्रेलरच्या जोडालाही नव्हता, आणि तो न बसवणाऱ्या कारागिराबद्दल मी अधिक काही लिहीत नाही. भांड्याच्या तळाशी सरकणाऱ्या पात्याचे रबरही झिजलेले होते, म्हणून पाणी भांड्यात न साठता गुपचूप टाकीत उतरत राहिले. ते रबर चांगले असते, तर रात्री दहाच्या आतच भांड्यातून स्वच्छ पाणी वाहिले असते आणि कोणाच्या तरी लक्षात आले असते.

नवा व्हॉल्व, पात्याचे रबर, दाब कमी करणारा व्हॉल्व आणि वाळू अडवणारी जाळी बसवायला दुपार झाली. ढिगासाठी टाकीत 50 लिटर पाणी भरून रात्रभर भिजत ठेवले आणि काकांना सांगितले की, सोमवारी जीप जोडून भूगावमार्गे पिरंगुटपर्यंत एक फेरी मारा. त्या रस्त्यावरचे गतिरोधक माझ्यापेक्षा चांगले काम करतील, असा माझा कयास होता. तो बऱ्यापैकी खरा ठरला. परत आल्यावर चेंबरमध्ये सोडले तेव्हा बहुतेक ढीग निघाला, आणि उरलेला मंगळवारी पुन्हा एकदा भिजवून काढला. त्या धुण्यात खुंट्यांवरचा थरही सुटला असावा, कारण पट्टीवरचे तीनही दिवे एकामागून एक विझले. बुधवारी पहाटे ते निघाले.

शुक्रवारी संध्याकाळी गणपतीपुळ्याहून काकांचा फोन आला. "दादा, मैल्याच्या टाकीचे दोन दिवे लागलेत. खरे मानू का?" मी म्हणालो, "आता माना. तिसरा लागला की हॉटेलवाल्याला विचारून त्यांच्या चेंबरमध्ये सोडा. आणि काका, नळी लावलेली आहे का?" क्षणभर थांबून ते म्हणाले, "थांबा, बघून सांगतो."