आमची वाटचाल: एका स्कॅनमध्ये एकच निर्णय

'पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या औद्योगिक संगणकात) ऑब्जेक्ट, म्हणजे स्वतःची स्थिती आणि क्रिया एकत्र सांभाळणारे प्रोग्रामचे तुकडे, चालत नाहीत' असं सांगून एकाने आमच्या हातातलं काम काढून घेतलं, ते आधी लिहितो. भोसरीतली बाकीची वर्षं सुरळीत गेली.

चाकणच्या कारखान्याची वॉशिंग लाइन होती. प्रत्येक स्टेशनवर तेच सिलिंडर, तेच दोन रीड स्विच, म्हणजे सिलिंडर कुठल्या टोकाला आहे ते सांगणारे सेन्सर. आम्ही सिलिंडरचा एकच फंक्शन ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा) लिहिला, त्याला 'पुढे', 'मागे' अशा मेथड, म्हणजे सांगता येणाऱ्या क्रिया, दिल्या. क्लॅम्प आणि लिफ्टर त्यावरूनच बेतले. पीएलसीच्या भाषांचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६११३१-३, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत क्लास, मेथड, इंटरफेस आलेले आहेत, म्हणजे आम्ही जगावेगळं काही करत नव्हतो. पण 'मेंटेनन्सवाल्याला लॅडरच (रिलेच्या आकृतीसारखी दिसणारी प्रोग्रामची पद्धत) हवी' असं त्याने कारखान्याच्या साहेबांच्या कानात भरलं. ऑर्डर गेली, दिलेल्या पॅनलचे पैसे अडकले आणि पगारासाठी मला एफडी मोडावी लागली.

पुढे त्याने आमचाच ब्लॉक उचलला, शिस्त मात्र सोडली. मेथडमधून थेट सोलेनॉइडचं (सिलिंडर हलवणाऱ्या व्हॉल्व्हचं) आउटपुट लिहिलं. स्कॅन म्हणजे इनपुट वाचून, प्रोग्राम चालवून आउटपुट लिहिण्याची पीएलसीची एक फेरी. एकाच स्कॅनमध्ये सीक्वेन्स (कामाचा क्रम) 'पुढे' म्हणायचा, इंटरलॉक (सुरक्षेची अट) 'मागे'. ज्याचा कॉल शेवटी, त्याचं खरं. कॉलचा क्रम बदलला की मशीनचं वागणं बदलायचं.

आमच्याकडे मेथड फक्त मागणी नोंदवते. इनपुट स्कॅनच्या सुरुवातीला एकदाच टिपायचे. एका ऑब्जेक्टला दुसऱ्याची स्थिती हवी असेल तर मागच्या स्कॅनची द्यायची. मागण्या गोळा झाल्या की इंटरलॉक तपासून आउटपुट एकाच जागी लिहायचं. ही दृष्टी फ्रान्सची. १९८० च्या दशकात तिथे एस्टेरेल, लस्टर, सिग्नल या भाषा याच पायावर उभ्या राहिल्या: एका क्षणाला एका सिग्नलची एकच किंमत. लस्टरवर आधारलेलं स्केड हे प्रोग्राम लिहिण्याचं साधन एअरबसच्या उड्डाण-नियंत्रणात वापरलं गेलं. तिथे चालतं ते चाकणला का चालू नये?

त्या दिवसांत आमच्यावर विश्वास टाकला तो फाउंड्रीवाल्या काकांनी. ॲडव्हान्स दिला आणि ट्रायलला स्वतः उभे राहिले. रीड स्विचचा पट्टा ढिला करून मुद्दाम दोन्ही सिग्नल एकदम द्यायचे. ब्लॉक फॉल्टला गेला, सिलिंडर जागचा हलला नाही, की म्हणायचे, "आता पुढचं स्टेशन दाखव."

नव्या पोरांना सांगतो, मेथडमध्ये व्हाइल लूप लावून सेन्सरची वाट पाहू नका. स्कॅन लांबतो, वॉचडॉग (स्कॅनच्या वेळेवर नजर ठेवणारा टायमर) पीएलसी बंद पाडतो. स्टेट साठवा, पुढच्या स्कॅनला पुन्हा बघा. आणि कमाल स्कॅन टाइम बघा, सरासरीवर जाऊ नका.

चाकणची ती लाइन नंतर आम्हीच चालू करून दिली. पहिल्या पॅनलचं बिल अजून थकलेलं आहे.