गेम अवघड आहे, की तुमच्या हातातले साधन?

‘होलो नाइट: सिल्कसाँग’ हा उड्या मारत लढण्याचा व्हिडिओ गेम ४ सप्टेंबर २०२५ रोजी आला आणि तो फक्त अवघड आहे की जाणूनबुजून छळणारा आहे, यावरून आमच्या खेळगड्यांमध्ये जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्या वादात शत्रूंची ताकद, विसाव्याच्या बाकांमधले अंतर, एका फटक्यात दोन मुखवटे (म्हणजे जीवाचे दोन हिस्से) गमावण्याची शिक्षा या सगळ्यांबद्दल हिरिरीने बोलले जाते. परंतु आपण हा गेम कशावर खेळलो, हे कुणी आपणहून सांगत नाही. एकाने तो कंट्रोलरच्या डी-पॅडवर, म्हणजे दिशांच्या कळेवर, खेळलेला असतो, दुसऱ्याने ॲनालॉग स्टिकवर, म्हणजे अंगठ्याने कलवायच्या दांडीवर, तिसऱ्याने कीबोर्डवर, आणि तिघेही एकाच गेमचे मूल्यमापन करतो आहोत अशा समजुतीने एकमेकांशी भांडत असतात. माझे म्हणणे असे आहे की गेल्या तीन-चार वर्षांतल्या चर्चेतल्या बहुतेक गेमांचा अवघडपणा काही अंशी पडद्यावर आणि काही अंशी आपल्या बोटांखाली असतो, आणि हा दुसरा भाग वेगळा काढल्याशिवाय पहिल्याबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नाही.

सिल्कसाँगचेच पाहा. गेमची नायिका हॉर्नेट उडीत असताना खाली वार करते, तेव्हा सुरुवातीच्या क्रेस्टमध्ये (वार करण्याची पद्धत ठरवणाऱ्या चिन्हामध्ये) तो वार सरळ खाली न जाता तिरपा, पुढच्या बाजूला जातो. २०१७ च्या पहिल्या ‘होलो नाइट’मध्ये हाच वार थेट पायाखाली पडत असे, आणि शत्रूच्या डोक्यावर किंवा काट्यांवर तो आपटून पुन्हा वर उसळणे, ज्याला सगळे पोगो म्हणतात, ही त्या गेमने बोटांना लावलेली सर्वांत पक्की सवय होती. नव्या गेममध्ये लक्ष्याच्या बरोबर वर असून भागत नाही. किंचित मागे राहून, तोंड योग्य दिशेला ठेवून वार करावा लागतो. आता यात स्टिकची भर घाला. डावा अंगठा हॉर्नेटला उजवीकडे पळवत असताना तोच अंगठा अचानक खाली आणायचा असतो, आणि मधल्या क्षणी स्टिक ना धड उजवीकडे असते, ना धड खाली. त्या कललेल्या कोनाचा अर्थ ‘खाली’ असा घ्यायचा की ‘उजवीकडे’ असा, हे गेमला ठरवावे लागते, आणि घाईत वार समोरच्या हवेत निघून जातो. खेळणारा मात्र गेमला शिव्या घालतो.

डी-पॅडवर ही अडचण बरीच कमी होते, कारण तिथे दिशा दाबलेली असते किंवा नसते, अधलेमधले काही नाही. गुनपेई योकोई यांनी निन्टेन्डोच्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या गेम अँड वॉच मालिकेतल्या हातात धरायच्या गेमसाठी अधिकच्या चिन्हाच्या आकाराची ही कळ बनवली, आणि दोन मितींतल्या उड्यांच्या गेमांसाठी तिच्याहून नेमके साधन अजून कुणाला सुचलेले नाही, असे माझे ठाम मत आहे. माझा मावसभाऊ तर सिल्कसाँग बाणाच्या कळा आणि झेड-एक्स-सी यांवर खेळतो. ‘दादा, तू उगाच एवढा महागडा कंट्रोलर घेऊन बसलास,’ असे तो मला सुनावतो, आणि निदान या गेमपुरते त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. याच गेममध्ये पुढे वॉन्डरर क्रेस्ट मिळते आणि ते लावले की खालचा वार जुन्यासारखा सरळ होतो. म्हणजे गेम बनवणाऱ्या टीम चेरीने हाताच्या आवडीनिवडीला गेमच्या आतच जागा करून दिली आहे. हे मला सेटिंग्जच्या पानावरच्या कुठल्याही पर्यायापेक्षा अधिक कल्पक वाटते.

‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ची गोष्ट वेगळी आहे. फ्रान्समधील माँपेलिए इथल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्हचा हा गेम २४ एप्रिल २०२५ रोजी आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट गेम ठरला. तो पाळीपाळीने चाली करण्याचा गेम आहे, त्यामुळे तो कशावरही खेळला तरी चालेल असे वरकरणी वाटते. पण शत्रूची पाळी आली की त्याचा प्रत्येक वार चुकवायचा असतो किंवा परतवायचा असतो, आणि तिथे हा गेम चक्क तालाचा होतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर वार चुकवण्यासाठी वर्तुळाचे बटण आहे आणि परतवण्यासाठी आर-वन. चुकवण्याची मुदत थोडी सैल, परतवण्याची अगदी आवळ, आणि परतवल्यावर मिळणारा प्रतिहल्ल्याचा आनंद मात्र असा की सैल पर्याय घ्यावासाच वाटत नाही.

या गेमबद्दल ‘माझी वेळ जुळतच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम त्याच्या टीव्हीबद्दल विचारतो. चित्र सुधारण्यासाठी टीव्ही स्वतःहून जी प्रक्रिया करतो, तिच्यामुळे काही संचांवर चित्र शंभर मिलिसेकंदांपर्यंत उशिरा दिसते. सेकंदाला ६० चित्रे या हिशोबाने एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचे असते. म्हणजे शत्रूची तलवार आपल्याला दिसते तेव्हा ती गेमच्या हिशोबात सहा चित्रे पुढे गेलेली असते. टीव्हीचा गेम मोड सुरू केला की हा उशीर बहुतेक वेळा लक्षणीय कमी होतो. ब्लूटूथ हेडफोनवरचा आवाजाचा उशीर हे त्याचेच भावंड, आणि ज्या गेममध्ये अनेक वार कानाने ओळखायचे असतात तिथे ते अधिकच छळते. आमच्या गटातल्या एका मित्राने टीव्हीची सेटिंग बदलली आणि हेडफोनला वायर लावली. त्यानंतर ‘हा गेम अन्यायकारक आहे’ हे त्याचे पालुपद बंद झाले. ज्यांना हा ताल मुळातच नको आहे त्यांच्यासाठी स्टोरी ही काठिण्यपातळी आहे, आणि आपल्या हल्ल्याच्या वेळी येणारी बटणे आपोआप दाबली जाण्याचा पर्यायही आहे. त्यात कमीपणा मानण्याचे मला काही कारण दिसत नाही.

‘एल्डन रिंग’मध्ये (फेब्रुवारी २०२२) याहून सूक्ष्म गंमत आहे, आणि ती कित्येक जुन्या खेळाडूंनाही ठाऊक नसते. तिथे पळणे आणि लोळण घेणे एकाच बटणावर आहे. बटण दाबून धरले तर माणूस पळतो आणि दाबून सोडले तर लोळतो. साहजिकच तुमचा हेतू कोणता आहे हे गेमला बटण सुटल्यावरच कळते, आणि लोळण दाबल्याच्या क्षणी नव्हे तर सोडल्याच्या क्षणी सुरू होते. ज्याचा अंगठा जड आहे, म्हणजे जो बटण ठासून दाबतो, त्याची लोळण प्रत्येक वेळी हलक्या हाताच्या खेळाडूपेक्षा उशिरा निघते. कीबोर्डवर स्पेस बार वापरणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. बॉसला हरवण्यासाठी पातळ्या वाढवत बसण्याआधी बटणाला नुसता टिचकीसारखा स्पर्श करून पाहावा.

नेमबाजीच्या गेमांचा विषय निघाला की मात्र चर्चेला जुनी धार येते. माझ्या पिढीतल्या अनेकांनी हा प्रकार सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ वर शिकला, डावा हात कीबोर्डच्या डब्ल्यू-ए-एस-डी या चालण्याच्या कळांवर आणि उजवा माउसवर. ही मांडणी आपल्याला आज निसर्गनियमासारखी वाटते. पण ती रूढ होण्यात डेनिस फाँग ऊर्फ थ्रेश या अमेरिकन खेळाडूचा मोठा वाटा होता. त्याने १९९७ मध्ये ‘क्वेक’ या नेमबाजीच्या गेमची स्पर्धा जिंकून त्याच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कार्मॅक यांची फेरारी बक्षीस मिळवली आणि त्याच्या कळांची मांडणी इतरांनी उचलली. दुसरीकडे, डाव्या स्टिकने चालणे आणि उजव्या स्टिकने पाहणे ही आज प्रत्येक कन्सोल गेमची बाराखडी असलेली पद्धत २००० सालच्या प्लेस्टेशनवरील ‘एलियन रिसरेक्शन’मध्ये होती, तेव्हा गेमस्पॉटच्या परीक्षकाने त्या गेममधली सर्वांत भीतीदायक गोष्ट म्हणून तिचीच टर उडवली होती. सवय नावाची गोष्ट किती लवकर स्वयंसिद्ध सत्य होऊन बसते, ते यावरून दिसावे.

माउस आणि स्टिक यांच्यातला खरा फरक अचूकतेचा नसून मोजमापाच्या प्रकाराचा आहे. माउस जितका सरकवला तितक्याच अंशांनी नजर वळते आणि हात थांबला की नजरही थांबते. स्टिक मात्र पंख्याच्या रेग्युलेटरसारखी आहे. ती किती ढकलली यावरून नजर किती वेगाने वळेल एवढेच ठरते, आणि कुठे थांबायचे हे आपल्याला वेळेचा अंदाज घेऊन, स्टिक परत मध्ये आणून साधावे लागते. म्हणूनच कन्सोलवरच्या गेमांत लक्ष्याजवळ नेम आपोआप मंदावतो किंवा किंचित खेचला जातो. ही मदत काढून घेतली तर स्टिकवाले फार काळ टिकणार नाहीत, आणि ती जास्त दिली तर माउसवाले अन्याय झाल्याची ओरड करतात. दोन्ही साधनांचे खेळाडू एकाच सामन्यात सोडणाऱ्या गेमांमधले हे भांडण मला तरी सुटण्यासारखे दिसत नाही.

या कोंडीतून निघणारी तिसरी वाट म्हणजे जायरो, अर्थात कंट्रोलर हातातच किंचित कलवून नेम धरणे. मोठा वळसा स्टिकने घ्यायचा आणि शेवटचा बारीक फरक मनगटाने साधायचा. निन्टेन्डोने २०१५ च्या ‘स्प्लॅटून’मध्ये हे रुळवले, प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये ती सोय आहे, २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या पीसीमध्येही आहे, तरीही पीसी आणि कन्सोलवरचे पुष्कळ लोक जायरोचे नाव काढताच हात हलवण्याच्या पोरखेळाबद्दल बोलू लागतात. मौज अशी की याबाबतीत आपल्याकडची फोनवर खेळणारी मुले त्यांच्या कितीतरी पुढे आहेत. बीजीएमआय हा फोनवरचा नेमबाजीचा गेम खेळणाऱ्या कुठल्याही सराईत मुलाला विचारा; जायरो फक्त स्कोप (बंदुकीची दुर्बीण) उघडल्यावर चालू ठेवायचा की सतत, प्रत्येक स्कोपसाठी संवेदनशीलता किती ठेवायची, दोन अंगठ्यांनी खेळायचे की चार बोटांच्या क्लॉ पकडीने, यावर तो तुम्हाला सविस्तर व्याख्यान देईल. कंट्रोलर कधी हातात न घेतलेल्या या पोरांनी जे आत्मसात केले आहे, ते शिकायला आमच्यासारखे जुने लोक का कू करतात, हे पाहून मला हसू येते. मी स्वतः आता स्टिकवरचा कुठलाही नेमबाजीचा गेम जायरोशिवाय सुरू करत नाही, आणि ती सोय गेममध्ये नसेल तर पीसीवर स्टीमच्या ‘स्टीम इनपुट’ या सोयीतून जायरोला माउस म्हणून जोडतो.

उलट्या अक्षाचा, म्हणजे स्टिकची वर-खाली दिशा उलटी ठेवण्याचा, प्रश्न याहून मजेशीर आहे. स्टिक खाली ओढली की वर पाहणारे लोक लहानपणी विमानांचे गेम खेळले म्हणून तसे झाले, असे आपण सगळेच गृहीत धरतो. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा अभ्यास केला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत पूर्वी खेळलेल्या गेमांपेक्षा आकृत्या मनात फिरवून पाहण्याच्या क्षमतेशी या आवडीचा अधिक संबंध आढळला. तेव्हा तुमच्या मित्राचा कंट्रोलर हातात घेतल्यावर नजर जमिनीत घुसली, तर त्याला वेड्यात काढू नका.

‘बाल्डर्स गेट ३’ (ऑगस्ट २०२३) मात्र एकाच गेमचे दोन गेम करून दाखवतो. माउसवर तो वरून पाहून, जागेवर टिचकी मारून सैन्य हलवण्यासारखा वाटतो. कंट्रोलर जोडला की पडद्याची मांडणी बदलते, गोल चकत्यांचे मेनू येतात आणि पात्र थेट स्टिकने चालवता येते. लढाईसाठी मला माउस हवा असतो, कारण चकत्यांमध्ये मंत्र शोधताना जीव मेटाकुटीला येतो. परंतु शहरात हिंडताना, दारे ठोठावताना, लोकांशी गप्पा मारताना स्टिकइतके सुख माउसमध्ये नाही. पीसीवर गेम चालू असतानाच साधन बदलता येते.

राहता राहिला स्टिकच्या आयुष्याचा प्रश्न. बहुतेक प्रचलित कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. त्यात एक पाते कार्बनच्या पट्टीवर सतत घासत राहते, पट्टी झिजते, आत धूळ जाते आणि एके दिवशी कुणी हात न लावता पात्र आपोआप चालू लागते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळचा दुर्लक्षित भाग, वाढवून तो झाकता येतो, पण मग नेम धरण्यासाठी लागणारी सुरुवातीची बारीक हालचालच गेमला ऐकू येत नाही. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट किंवा टीएमआर स्टिकमध्ये मापन घर्षणाने होत नसल्यामुळे ही झीज टळते. हे तंत्र नवेही नाही; सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते १९९८ मध्येच होते. तरीही पाच-सहा हजार रुपयांना मिळणाऱ्या नामांकित कंट्रोलरमध्ये ते नसावे आणि त्याहून स्वस्त, कमी नावाजलेल्या कंपन्यांनी ते सर्रास द्यावे, याला काय म्हणावे? नवा कंट्रोलर घेताना मी चुंबकी स्टिक, मागची दोन जादा बटणे आणि जायरो या गोष्टी पाहतो. एक्सबॉक्सच्या अधिकृत कंट्रोलरमध्ये जायरो नाही, त्यामुळे हातात तो कितीही छान बसत असला तरी सध्या तो माझ्या यादीत नाही.